बालीची दुसरी सीट

रविवार, १८ नोव्हेंबर २००७

बाबा आज पेढे घेऊन आले. केबिन रोडच्या रंगाच्या दुकानातून, मनसुखभाईंनी दिलेले. मला वाटलं त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. तर बाबा चपला काढता काढता म्हणाले, "टोकनात पहिला नंबर. बाली. दोघांना. विमानानं."

रंगाच्या डब्यात झाकणाखाली टोकन असतं. बाबांसारखे रंगारी ती जमवून दुकानात देतात. आजवर कधी भिंतीवरचं घड्याळ मिळालं, कधी जेवणाचा डबा. या वेळी कंपनीनं बेट ठेवलं होतं. मीरा रोडला एवढे टॉवर उभे राहिले, त्यातले कितीतरी जिने बाबांच्या माणसांनी रंगवलेत.

एक गोष्ट लिहून ठेवते. बाबा टोकनं तशीच पिशवीत टाकून आणायचे, रंगानं माखलेली. आई ती रॉकेलच्या फडक्यानं पुसायची नि ताटात वाळत घालायची. त्यावरचा नंबर वाचता आला नाही तर टोकन बाद. दोन वर्षं आमच्या पोळ्यांना रॉकेलचा वास. म्हणजे बक्षीस निम्मं आईचं.

आईनं विचारलं, "बाली म्हंजे कुठं?" मी शाळेचा नकाशा काढला, बोट ठेवलं. बोटाखाली बेट सगळंच झाकलं गेलं. आई म्हणाली, "एवढंसं? मग त्यात माणसं मावतात कशी?"

मंगळवार, २० नोव्हें.

बाबांनी कंपनीचं रंगीत माहितीपत्रक आणलं. पानभर समुद्र, पानभर नारळ. बाबा म्हणाले, "नारळ बघायला विमान कशाला? दादाच्या वाडीत चल." पण पत्रक खाली ठेवेनात.

आई एकाच चित्रावर थांबली. एक बाई घराच्या उंबऱ्याशी वाकून पानाचा छोटा द्रोण ठेवतेय. त्यात फुलं, चार शितं, उदबत्ती. खाली इंग्रजीत लिहिलेलं मी वाचून सांगितलं, तिथल्या बायका हे रोज सकाळी करतात.

"द्रोण कसलाय?"
"नारळाच्या झावळीचा असेल."
"टाका बघ कसा घातलाय. काडीचा." मग जरा वेळानं, "रोज नवा?"
"रोज."
"नि संध्याकाळी त्याचं काय करतात?"

पत्रकात संध्याकाळचं काही नव्हतं.

आई आजवर कुठे गेली? गावाला, माहेरी, आणि लग्न झाल्याबरोबर एकदा जेजुरीला. नुसतं बघायला म्हणून कुठेच नाही. आमच्या घरात कुणीच नाही गेलं. प्रवास म्हणजे बारसं, लग्न, बारावं. हे बदललं पाहिजे. मी पदवीधर झाले ते नुसतं फोटो काढून भिंतीवर लावायला नाही.

रविवार, २५ नोव्हें.

जेवताना बाबा सहज बोलावं तसं बोलले. "दुसऱ्या सीटवर दादाला नेतो."

दादा म्हणजे माझे थोरले काका. गावाला असतात. आजोबा लवकर गेले, बाबांना काकांनी वाढवलं. बाबांना मुंबईला पाठवलं तेव्हा स्वतःची एकुलती चप्पल दिली, हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की ती चप्पल मला डोळ्यांसमोर दिसते. काकूही मागच्या पावसाळ्यात गेली. काका एकटे.

मी म्हटलं, "बाबा, नवरा-बायकोची टूर आहे ती."
"दोघांची आहे. दोघं म्हंजे दोघं."
"टोकनं कुणी पुसली?"
"सुजा, थोरल्याला सोडून धाकट्यानं विमानात बसायचं? गावात तोंड दाखवायचंय मला."

आईकडे बघितलं. ती बाबांना आमटी वाढत होती. म्हणाली, "बरोबरच आहे. भावोजींचा मान पहिला."

मला एवढा राग आला. बाबांचा नाही. आईच्या त्या 'बरोबरच'चा.

शनि. ८ डिसें.

बाबांबरोबर दुकानात गेले. मनात होतं, मनसुखभाईंनी नियम दाखवला की प्रश्न मिटेल. ते चहा मागवत म्हणाले, "देखो बेटा, कंपनी को क्या है, दो पासपोर्ट चाहिए. भाई चलेगा, भाभी चलेगी. सासू भी चलेगी, लेकिन सासू को कौन ले जाता है."

बाबा हसले. मीही हसले. नियमाकडून फार आशा होती.

पासपोर्ट कुणाचेच नाहीत. कागद घरात मीच वाचू शकते, म्हणून सगळं माझ्याकडे. काकांचाही फॉर्म मीच भरणार. ज्याला आईच्या जागी पाठवू नये असं मला वाटतं त्याला पाठवायची तयारी करणारीही मीच.

मी तीन फॉर्म आणले.

गुरु. १३ डिसें.

आईला फोटो काढायला नेलं. "मला कशाला?" "ओळखपत्र म्हणून लागतं हल्ली सगळीकडे." पूर्ण खोटं नाही. बाबांना माहीत आहे.

स्टुडिओवाला म्हणाला, "मावशी, कान दिसले पाहिजेत. हसू नका." आई म्हणाली, "मी कुठं हसतेय?" नि हसली. तीन वेळा काढावा लागला.

शनि. २२ डिसें.

काका आलेत, फॉर्म भरून घ्यायला. जिल्ह्याला जाऊन जमा करणार आहेत. पिशवीत कुळीथ, कोकमं, फणसाची साटं. आई डोक्यावरून पदर घेऊन वावरतेय. थोरल्या दिरासमोर ती बोलत नाही, लग्नापासून. काही सांगायचं झालं तर मला सांगते, मी समोर बसलेल्या काकांना सांगते. "काकांना विचार, भाकरी गरम देऊ का." "तिला सांग, हायती त्या संपव आधी."

ठरवलं होतं फार बोलायचं नाही त्यांच्याशी. जमलं नाही. त्यांनी पत्रक मांडीवर घेतलं, बोट फिरवत विचारलं, "बाय, तकडं पानी गोडं मिलतं ना? चारी बाजूंनी खारं म्हंजे विहीर खारी असनार." मग म्हणाले, "ती असती तर ऱ्हायली असती घरी, मी येतो तंवर. आता गुरांना बघायला शेजाऱ्याला सांगायला पायजे."

ती म्हणजे काकू. वाईट माणूस असते तर किती सोपं होतं.

रवि. १३ जाने. २००८

आई-बाबांच्या पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला येऊन गेला. आईला विचारलं, "परदेशी कशासाठी जाणार?" आई दारातच म्हणाली, "मी नाय जाणार. हे जाणार." त्यानं कागद बघितला, मला बघितलं. मी म्हटलं, "भविष्यात." त्यानं चहा घेतला आणि सही केली.

शुक्र. ८ फेब्रु.

दोन्ही पासपोर्ट आले. काकांचाही तिकडे आलाय म्हणे. आईनं स्वतःचा हातात घेतला, कोरी पानं उलटून बघितली. "एवढी पानं कशाला देतात?" मग देवाच्या फळीवर ठेवला, हळद-कुंकू लावून. म्हटलं, सरकारी कागदाला लावू नये. तिनं बोटानं पुसलं. थोडं राहिलं.

टूरची तारीखही कळली. २६ मार्चला रात्री विमान. बाबांनी कॅलेंडर काढलं आणि तसेच उभे राहिले.

"शिमगा."

होळी एकवीसला. त्यानंतर आमच्या गावात देवीची पालखी घरोघर फिरते. कुठल्या दिवशी कुठली वाडी, ते गावकरी बैठकीत ठरवतात. बैठक परवा आहे.

रवि. १० फेब्रु.

काकांचा फोन. त्यांच्या मोबाईलला घरात रेंज नाही, वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर चढून बोलावं लागतं, त्यामुळे आवाजात अर्धा वारा.

आमच्या वाडीला पालखी सत्तावीसला.

"मी नाय येत रे," काका बाबांना म्हणाले. स्पीकर चालू होता. "पालखीला आपल्या घरान्याचा खांदा हाय. तू बेटावर, मी बेटावर, खांदा कोन देनार?"

बाबा किती वेळ "दादा, दादा" करत राहिले. काका म्हणाले, "देवीच्या मनात नाय. तू धाकटीला ने." फोन गेला.

बाबा आईला म्हणाले, "ऐकलंस ना. चल मग तू."

आई तांदूळ निवडायला बसली. तांदूळ सकाळीच निवडून झाले होते.

मंगळ. १२ फेब्रु.

आईचं नाव दुकानात देऊन आले. इंग्रजीत, पासपोर्टवर आहे तसंच, स्वतः लिहून. मनसुखभाई म्हणाले, "फायनल? टिकट निकलने के बाद चेंज नहीं होगा." म्हटलं, फायनल. येताना वडापाव घ्यायचंही विसरून चालत घरी आले, इतकी खूश होते. मला वाटतं या घरात पहिल्यांदा काहीतरी सरळ झालं.

काकांचं वाईट वाटतंय. पण कमी.

रवि. १७ फेब्रु.

शेजारच्या कांताबेननी त्यांची चाकाची बॅग दिली. त्या एकदा दुबईला लेकीकडे जाऊन आल्यात, म्हणून आमच्या मजल्यावर विमानाचं शेवटचं मत त्यांचं. "ड्रेस पेहनो भाभी. साडी में चढ़ना-उतरना, ऊपर से समंदर का हवा." आई म्हणाली, "साडी नेसून मी विहिरीत उतरलेय." कांताबेननी मला विचारलं काय म्हणाली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक है, फिर साडी."

त्या म्हणाल्या, विमानतळावर सरकता जिना असतो. म्हणून संध्याकाळी आम्ही तिघी मीरा रोडच्या मॉलमध्ये, जिन्याची प्रॅक्टिस करायला. आई निऱ्या धरून तोंडाशी उभी. "पाय ठेवू कुठं? पायरी राहतेय कुठं एका जागी?" मागे माणसं खोळंबली. एक पोरगा म्हणाला, "आंटी, जंप." आईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो साध्या जिन्यानं गेला. शेवटी माझा दंड धरून चढली. वर पोचल्यावर म्हणाली, "परत."

चार वेळा वर गेलो. उतरताना दर वेळी साध्या जिन्यानं.

रवि. २ मार्च

टूरची बैठक, भाईंदर पश्चिमेला एका हॉलमध्ये. सगळे रंगारी आणि त्यांच्या बायका. कुणाच्या नखात हिरवा, कुणाच्या पिवळा. टूरचा गाइड आमच्यासारखाच बोलणारा, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की जमायचं, ग्रुप सोडायचा नाही, पाणी बाटलीचंच प्यायचं, खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं काही उघडायचं नाही. जेवण आपलं मिळेल. समुद्रात कमरेच्या वर जायचं नाही. पुरुषांनी विचारलं, सुट्टीचा वेळ किती. बायकांनी विचारलं, चहा मिळेल का.

शेवटी आईनं हात वर केला. मी चाट पडले. म्हणाली, "सकाळी उंबऱ्याशी फुलं ठेवतात, ती बघायला किती वाजता उठायचं?"

मागे कुणीतरी हसलं. गाइडही हसला, पण बरा माणूस आहे. "मावशी, आपली बस नऊला निघते. त्याच्या आत हॉटेलच्या दारातच बघा. रोज ठेवतात. पाय नका देऊ फक्त."

"पाय कशी देईन," आई म्हणाली.

येताना रिक्षात ती बाबांना म्हणाली, "फणसाची पानं न्यायची. मी द्रोण लावून दाखवीन त्यांना आमच्याकडचे." बाबा म्हणाले, "भाषा?" "द्रोणाला कसली भाषा?"

बुध. ५ मार्च

लिहायचं मन नाही. तरी.

काकांचा फोन आला. मीच घेतला. पालखीच्या स्वयंपाकाचं, पाहुण्यांचं बोलले. मग म्हणाले, "ओटीचं काय करायचं, बाबाला विचार."

पालखी दारात आली की घरच्या सवाशिणीनं देवीची ओटी भरायची. इतकी वर्षं काकू भरायची. काकू गेल्यानंतरचा हा पहिला शिमगा. काकांना दोन्ही मुलगेच, सुरतेला, शिमग्यालाही सुट्टी नसते, लग्नं व्हायचीत. घराण्यात सवाशीण उरली एकच. आई. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काकूच्या जागेकडे आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

मी म्हटलं, "काका, मी येते. मी भरते ओटी."
"तुजं लगीन झालंय?"
"नाही पण—"
"मग?"

म्हटलं, शेजारची कुणी? म्हणाले, शेजारनीला तिची वटी हाय. म्हटलं, मग एक दिवस आधी भरली तर? आई येईल, आधी भरेल, परत येईल.

"बाय, देवी काय पावनी हाय, आपल्या सोयीनं बोलवायला? दारात यील तवा यील." मग आवाज खाली आला. "माज्यावर रागावू नको. माज्या हातात असतं तर मी हो म्हनलो असतो. इचारायचं तर तिला इचारा."

आई मागेच उभी होती. तिनं फोनकडे न बघता मला सांगितलं, "काकांना सांग, येते म्हणावं."

शुक्र. ७ मार्च

मनसुखभाईंकडे गेले. तिकीट निघालंय. नाव बदलत नाही, तारीखही नाही. पूर्ण ग्रुपचं एकच तिकीट. "सीट खाली जाएगी, और क्या," म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं. पेनाचं टोपण लावत-काढत बसले. बाबा म्हणाले, मग मीही नाही जात. आई म्हणाली, "दोन्ही सीट फुकट घालवायच्या? जायचं तुम्ही."

मला कुणाशी भांडायचंय ते कळत नाही. काकांशी भांडू? ते स्वतः सीट सोडून बसलेत. बाबांशी? ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. देवीशी? देवी मी मानत नाही.

शनि. ८ मार्च

मी शिकवते त्या क्लासमध्ये महिला दिन. सरांनी मला बोलायला सांगितलं, "तुम्ही छान बोलता." बोलले. स्त्रीनं स्वतःचे निर्णय स्वतः घेतले पाहिजेत वगैरे. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीनं विचारलं, "मॅडम, आणि घरचे नाही म्हणाले तर?"

म्हटलं, त्यांना समजावायचं.

मंगळ. ११ मार्च

आईला समजावलं. तासभर. ती भांडी लावत ऐकत होती. रूढी माणसांनी केल्या, माणसं बदलू शकतात. तू गेली नाहीस म्हणून काय होईल? नीट सांग मला, काय होईल?

"काय नाय होणार," आई म्हणाली. "देवी काय करत नाय कुणाला."
"मग?"
"मग दारात पालखी उभी ऱ्हाईल, नि समोर कुणीच नाय. भावोजी एकटे. लोक बघतील, ह्या घरात बाई नाय." तिनं कढई पुसली. "तुझी काकू होती तेव्हा तिनं कधी चुकवलं नाय. ताप होता तेव्हापण उभी राहिली. मी मागं तांब्या घेऊन."

पुस्तकात देवीचं उत्तर होतं, काकूचं नव्हतं.

रवि. १६ मार्च

आज आईनं बॅग भरली. बालीची. मला वाटलं बाबांची भरतेय. तर तिच्या साड्या, तिचा स्वेटर, तिच्या चपला पेपरात गुंडाळून.

म्हटलं, "हे काय?"

ती कॉटवर बसली. "मी गुरवाला सांगून कौल लावणार आहे."

कौल म्हणजे देवळात देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

"पालखी सोमवारी सहाणेच्या चौथऱ्यावर बसलेली असते. तिथं घरची ओटी आधी घेशील काय, म्हणून विचारते. हो म्हणाली तर सोमवारीच भरून रात्रीच्या एस्टीनं निघते. मंगळवारी सकाळी घरी. बुधवारी विमान."

"आणि सत्तावीसला दारात?"

"तिनंच आधी घेतली म्हंजे दारात कुणी काय बोलणार नाय. भावोजीपण नाय. भावोजींना मी कसं विचारणार? तिला विचारू शकते."

ती बॅगेची चेन ओढत होती, कोपऱ्यावर अडकत होती. चेनकडे बघतच म्हणाली,

"मला जायचंय गं."

चोवीस वर्षांत मी तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. कुठल्याच गोष्टीबद्दल.

बुध. १९ मार्च

आई गेली. एस्टीत खिडकी मिळाली. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. बॅग कॉटखाली. चेन बंद, वरच्या कप्प्यात पासपोर्ट. फणसाची पानं तिकडूनच आणते म्हणाली, ताजी.

निरोपाचं मीच ठरवलं. काकांच्या फोनमध्ये बॅलन्स नसतो, सड्यावर रेंज येते-जाते, बोलणं अर्धं तुटतं. म्हणून मिस्ड कॉल. आईला दोनदा पाठ करून घेतलं; ती गुरवाकडून काकांना सांगणार, काका सड्यावरून करणार. पोचलीस की एक. सोमवारी कौल झाला की: उजवा पडला तर एक, डावा पडला तर दोन. "एक म्हंजे हो, दोन म्हंजे नाय," आई एस्टीच्या पायरीवर म्हणाली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, चढा, हो-नाय आत करा."

गुरु. २० मार्च

एक मिस्ड कॉल. पोचली.

शनि. २२ मार्च

खाली पोरं रंग खेळतायत. बाबा बाहेर पडले नाहीत. वर्षभर रंगातच असतो, म्हणतात दरवर्षी, आणि तरी जातात. आज नाही.

दुपारी मला हाक मारली. "सुजा, डावी पडली तर मी काय करू? जाऊ?"

म्हटलं, मला माहीत नाही. म्हणाले, "तू शिकलेली."

रवि. २३ मार्च

कॉलेजात अंधश्रद्धेवर बोलून मी कप आणला होता. तो टीव्हीवर आहे. त्यात कौलाबद्दलही बोलले होते. पाकळी जड असली, पाणी कमी लागलं, वारा आला की पडते, त्यात देव कुठे. परीक्षकांनी मान डोलावली होती.

आज सकाळी सदाफुलीच्या दोन पाकळ्या ओल्या करून फरशीच्या भिंतीला लावून बघितल्या. किती पाणी लागतं ते बघायला. दोन्ही एकदमच सरकल्या. पुन्हा लावल्या. बाबा आत आले तर हातानं पुसून टाकल्या.

गुरवाला सांगता येतं म्हणे, कुठली पाकळी कशी चिकटवायची. असं करणारे असतात. मी एरवी हे ऐकून संतापले असते. आज वाटलं, आईनं सांगितलं तर बरं. ती सांगणार नाही.

सोम. २४ मार्च

क्लासला सुट्टी टाकली. बाबाही साइटवर गेले नाहीत, माणसांना फोनवरून सांगतायत, कुठल्या भिंतीला दुसरा हात. फोन ठेवा म्हटलं, लाइन मोकळी हवी. मग आठवलं, काका माझ्या मोबाईलवर करणार. तो मी टीव्हीवर ठेवलाय, कपाशेजारी.

सकाळी कांताबेन डोकावून गेल्या. "आया क्या फोन?" नाही म्हटलं. त्यांना कौलाचं नीट कळलं नव्हतं. मी हिंदीत सांगायला गेले तर मलाच ऐकायला कसंतरी वाटलं. त्या म्हणाल्या, "हमारे में भी चिठ्ठी डालते हैं." आणि आमच्या देवापाशी एक जास्वंद ठेवून गेल्या.

बाबांनी आंघोळ करून दिवा लावला. मला बोलावलं नाही. मी आपणहून गेले, हात जोडले नाहीत, उभी राहिले. मनात म्हटलं, मी मागत नाही. ती मागतेय. ती कधीच मागत नाही, एवढं तुला माहीत असेल.

दुपारी जेवणं झाली. वरण-भात, मीच केला. रॉकेलचा वास नाही.

आत्ता फोन वाजला. एकदा. 'काका'. लगेच बंद.

बाबा उभे राहिले. "एकच ना?"

एक म्हणजे हो. मी हो म्हणणार होते, तोंड उघडलंही. मग लक्षात आलं, दोनातला पहिलासुद्धा एकच असतो.

बाबांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "हे कुणी ठरवलं होतं?"

मी.

परत लावला. पोहोच क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, तेच. सड्यावर वारा सुटला की रेंज जाते, काका म्हणतातच. दुसरा करायचा असेल तर थांबले असतील तिथे उन्हात, फोन वर धरून. किंवा काम झालं म्हणून उतरतही असतील, आणि आई खाली सहाणेवर पदर खोचून ओटी भरत असेल. दोन्ही मला सारखंच स्पष्ट दिसतंय.

बाबांनी कॉटखालून बॅग ओढली. कांताबेनची चाकं, आवाज खूप करतात. दाराशी उभी केली. मग परत आत घेतली, कॉटच्या जरा पुढे ठेवली, ना आत ना बाहेर, आणि तिच्यावर हात ठेवून बसलेत.

मी टीव्हीसमोर. फोनकडे बघतेय. वाजू नकोस.